भिंतीपलीकडची नववी दुपार

भोर,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुलू,

तुला पुष्कळ आशीर्वाद आणि प्रेरणाला गोड पापा. ती आता बावीस वर्षांची घोडी झाली हे ठाऊक असूनही हात तेच लिहितो. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, तरी रोज राजवाड्यापर्यंत चालत जातात आणि येताना नको असलेली भाजी घेऊन येतात. थंडी संपत आली. तुमच्याकडे डोंगराखाली अजून असेल.

हे पत्र तुझं तूच वाच. चष्मा सापडत नसेल तर सापडेपर्यंत थांब, पण प्रेरणाकडून वाचून घेऊ नकोस. का, ते पुढे येईल. पोस्टाने गुरुवारच्या आत पोचेल याची खात्री नाही म्हणून वेल्ह्याच्या गाडीवरच्या कुंडलिक कंडक्टरच्या हाती पाठवतेय. गुरुवारच्या आत ते तुला मिळायलाच हवं.

आधी इकडची बातमी सांगते. तुझ्याकडे 'तग'वाले येऊन गेले आणि तू त्यांना सरळ नाही म्हणालीस, हे मला आत्ता कळलं. माझ्याकडे ते दिवाळीनंतर आले. म्हणाले, चौदावं पर्व आहे, नाव 'परतलेले', जुन्या पर्वांतले लोक पुन्हा खेळवायचे आहेत. मी म्हटलं, अहो, मी बासष्टची. आता मी हंडा उचलायला गेले तर दोघांना मिळून मला उचलावं लागेल. आनंदराव हसले. आठवतात ना? पहिल्या पर्वात कॅमेऱ्याच्या वायरी गुंडाळायचे आणि तुझ्या पिठल्याला नावं ठेवत दोनदा वाढून घ्यायचे, तेच. आता सगळा कार्यक्रम त्यांच्या हातात आहे. म्हणाले, "शुभाताई, हंडे केव्हाच गेले. आता खेळ डोक्याचा आहे. आणि सुलक्षणाताई येतायत."

त्या एका वाक्यावर मी हो म्हटलं.

जागा तीच, पानशेतच्या पाण्यावरचं पठार, समोर तोरणा. बाकी काही तू ओळखलं नसतंस. आपल्या वेळी किती सोपं होतं. बारा माणसं, सहा जोड्या, सहा झोपड्या. पाणी आणायचं, चूल पेटवायची, दोर ओढायचा. मागे पडेल त्या जोडीने संध्याकाळी पिशवी उचलून घरी जायचं आणि जोडीतला एक निघाला की दुसऱ्यानेही निघायचं. आता चाळीस कॅमेरे, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन. हरलेला माणूस घरी जात नाही. त्याला 'तळघर' म्हणून एका जागी ठेवतात आणि आठवड्याने पुन्हा वर काढतात. आमटीत मीठ घालायचं की नाही हे लोक घरबसल्या मोबाईलवरून ठरवतात. सातव्या पर्वातला एक मुलगा मला म्हणाला, "काकू, तुमच्या वेळी कसा सरळ खेळ होता, लबाडी नव्हती." मी त्याला आणखी पोहे वाढले.

यंदाची नवी गोष्ट म्हणजे भिंत. कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली, थेट आपल्या झोपडीसारखी. अलीकडे मी, पलीकडे माझी जुनी जोडीदार. रोज दुपारी चार ते पाच नुसतं बोलायचं. एकमेकींना बघायचं नाही. बारा दिवसांनी सांगायचं की पलीकडचं माणूस खरं की सोंग. कारण आमच्यातल्या काहींच्या पलीकडे खरोखरचा जोडीदार होता आणि काहींच्या पलीकडे त्यांनी पढवून बसवलेलं कुणीतरी.

पहिल्या दुपारी पलीकडून आवाज आला, "ताई, कांदा चिरायला शिकला का अजून नुसता कुरवाळताच?"

मी तोंडात पदर कोंबून रडले. हे वाक्य तेव्हा टीव्हीवर गाजलं होतं, कुणालाही पाठ असेल, हे माझ्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी. मग मी कान देऊन ऐकू लागले. आवाज तुझाच होता. पण 'लई' फार येत होतं. तू रागावलीस की लई म्हणतेस, एरवी नाही. आणि तू आधी बोलतेस, मग हसतेस. पलीकडे हसू आधी येत होतं. आठव्या दिवसापर्यंत माझं जवळपास ठरलं होतं, हे सोंग.

नवव्या दुपारनंतर माझं मत फिरलं. त्या दुपारी पलीकडून जे आलं ते कुणाला पढवता येणं शक्य नव्हतं. त्याबद्दल नंतर लिहिते.

बाराव्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं, "खरी. माझी सुलूच आहे." दार उघडलं आणि पंचविशीची एक गोरीशी मुलगी हात जोडून बाहेर आली. "नमस्कार काकू, मी भार्गवी. नाटकात काम करते." टाळ्या झाल्या. मी खेळातून बाद.

बाद झाल्याचं काही वाटलं नाही. मी त्या मुलीचा हात धरून तिला बाजूला नेलं आणि विचारलं, "नवव्या दिवशीचं तुला कुणी सांगितलं? सुलूने?"

ती गोंधळली. म्हणाली, "काकू, मी सुलक्षणाताईंना भेटलेच नाही. मला तुमचे जुने भाग दिले होते, ते मी तीन तीनदा पाहिले. आणि नवव्या दिवशी तर मी नव्हतेच. ताप भरला म्हणून मला सकाळीच वेल्ह्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. संध्याकाळी सातला परत आणलं. तुम्हाला सांगितलं नाही कुणी?"

मी आनंदरावांकडे गेले. ते म्हणाले, "बरोबर आहे. त्या दिवशी पलीकडची खोली रिकामी होती, बाहेरून कडी होती. मुद्दामच सांगितलं नाही. समोरून उत्तर आलं नाही तर तुम्ही काय करता ते बघायचं होतं." मग मला त्यांच्या तंबूत बसवून त्यांनी ते चित्रण दाखवलं.

त्यात मी आहे. भिंतीला कान लावून बसलेली. मी बोलते, थांबते, ऐकते, मान हलवते, पुन्हा बोलते. त्रेचाळीस मिनिटं. पलीकडून काही नाही. दूरचा रेडिओ आणि वाऱ्याने कुडाची माती भुरभुरते तेवढा आवाज. माझ्या प्रत्येक थांबण्यात एका वाक्याएवढी जागा आहे.

"ताई, काय अभिनय केलात हो!" आनंदराव म्हणाले.

चहा ठेवायला उठते.

*

दुपारचे तीन वाजलेत. मघाशी लिहिलेलं पुन्हा वाचलं. सगळं खरं आहे, फक्त ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सोडून. ही माझी जुनी सवय.

सुलू, पहिल्या पर्वातला विसावा दिवस तुला आठवतो का? 'घरची चिठ्ठी' असा खेळ होता. प्रत्येकाला घरून एक पत्र येणार, पण ते वाचणार जोडीदार. एकदा मोठ्याने वाचायचं आणि लगेच चुलीत टाकायचं. ज्याचं पत्र त्याने हात लावायचा नाही. तेव्हा त्यांना एवढी अक्कल नव्हती, पाकिटं आधी फोडून बघत नव्हते. आज असते तर फोडली असती, आणि कॅमेरा माझ्या डोळ्यांवर लावला असता.

तुझं पत्र सोमनाथने लिहिलं होतं. निळं आंतर्देशीय, तिरकं अक्षर. मी वाचलं की गाय व्याली, कालवड झाली. प्रेरणाला सोळापर्यंत पाढे येतात. ती तुझ्या साडीची घडी उशाशी घेऊन झोपते. तू चुलीपाशी उकिडवी बसून ऐकत होतीस आणि कालवड म्हटल्यावर टाळी वाजवलीस. मग मी वाचलं, "सगळे तुझी वाट बघतोय. तुझा भाऊ सोमनाथ." आणि पत्र आगीत टाकलं.

पाढ्यांच्या आणि वाट बघण्याच्या मध्ये आणखी काही लिहिलं होतं. ते असं:

"आबांनी जेवण टाकलंय. सुली आल्याबिगर ताटावर बसणार न्हाई म्हणतात. खेळाचं काय करायचं ते कर, पण निघून ये."

मी ते पाहिलं. माझी नजर त्याच्यावरून गेली आणि पुढच्या ओळीवर जाऊन थांबली. माझा आवाजसुद्धा हलला नाही. मला वाचनात नेहमी पहिलं बक्षीस मिळायचं.

का, हे तू विचारशील. बक्षिसासाठी नाही, एवढं तरी मान. तू निघालीस की मलाही निघावं लागणार होतं. एकोणपन्नास वर्षांत मी पहिल्यांदा कुणाची मुलगी, कुणाची बायको, कुणाची आई नव्हते. नुसती तुझी जोडीदार होते. तू मला ओल्या लाकडाने चूल पेटवायला शिकवत होतीस. मला ते दिवस संपायला नको होते. एवढंच होतं ते. किती क्षुल्लक, नाही?

आणि मनात एक समर्थनही तयार होतं. मी शाळेत असताना पाचगणीला नन्सच्या वसतिगृहात राहायचे. घरची पत्रं आधी आमच्या सिस्टर वाचायच्या. सहावीत माझी आजी गेली, ते त्यांनी मला परीक्षा संपल्यावर सांगितलं. तोवर घरचं प्रत्येक पत्र मला स्वतः वाचून दाखवायच्या, 'आजी मजेत आहे' असं त्यात घालून. कळल्यावर मी त्यांच्या कुशीत रडले आणि त्यांना थँक्यू म्हटलं. माया म्हणजे हेच, असं मी तेव्हा शिकले. दहा-बारा दिवसांचा प्रश्न आहे, म्हातारी माणसं रुसतात, जेवतात परत, असं मी त्या संध्याकाळी स्वतःला सांगितलं. तुझ्याच हातची भाकरी खात सांगितलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी आपण दोर ओढण्यात हरलो. बाहेर सोमनाथ टेम्पो घेऊन उभा होता. आबा पहाटेच गेले होते.

दहाव्याला मी तुझ्या माहेरी मार्गासनीला आले होते, नदीवर. पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढत चाललं होतं. सोमनाथ हात जोडून एकेक कबूल करत होता, "आबा, सुलीला अंतर देणार न्हाई, तिच्या पोरीचं लगीन म्या करून देईन." कावळे झाडावर बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते. आबांचं काय राहिलंय हे तिथे फक्त मला माहीत होतं.

परतताना तू सोमनाथला म्हणालीस, "दादा, कळवायचं तरी व्हतंस."

तो म्हणाला, "आगं, म्या लिवलं व्हतं चिठ्ठीत."

"चिठ्ठी समद्या गावानं टीव्हीवर ऐकली. खोटं बोलू नगंस. बाप मेल्यावर तरी बोलू नगंस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी चप्पल शोधत असल्यासारखी खाली वाकले.

मग तुझे फोन मी एक घेतला, एक घेतला नाही, असं करत करत बंद केले. तुला वाटलं असेल, भोरातली बाई, टीव्ही संपला, ओळख संपली. तसं वाटू दिलं. तू आणि सोमनाथ तेव्हापासून बोलत नाही, मार्गासनी रस्त्यावर असूनही तू तिथे उतरत नाहीस, हे मला दोन वर्षांपूर्वी कुंडलिककडून कळलं. तरी मी पत्र लिहिलं नाही.

आता नववी दुपार.

चार वाजता मी भिंतीपाशी बसले. नेहमीसारखं म्हटलं, "सुलू, जेवलीस का?"

मग आवाज आला. तुझाच, पण दमलेला, वाक्याच्या मध्येच श्वास घेणारा. "न्हाई जेवले."

"का गं?"

"चिठ्ठीतली एक ओळ ऱ्हायली व्हती, बाई. ती आता वाचा."

भर दुपार होती. दारातून ऊन माझ्या पायांवर पडलं होतं. पलीकडच्या तंबूत कुणीतरी रेडिओ लावला होता. माझे पाय गार पडले, ते अजून तसेच आहेत. मी म्हटलं, कुठली ओळ? मी म्हटलं, सुलू, मला आठवत नाही. मी हवापाण्याचं बोलले, प्रेरणाचं विचारलं. प्रत्येक वेळी तेच, न रागावता, "ते ऱ्हाऊ द्या, बाई. ओळ वाचा." पाऊण तासात आवाज एकदाही चढला नाही.

शेवटी मी वाचली. डोळे मिटले तर निळा कागद समोर होता. सगळीच्या सगळी वाचली, 'निघून ये' पर्यंत.

मग ती म्हणाली, "लई येळ लावला. आता जेवायला हरकत न्हाई."

आणि जमिनीवरून ताट जवळ ओढल्याचा आवाज आला. पितळी ताटाचा. मी तो स्पष्ट ऐकला. नंतर ती खोली उघडून पाहिली, त्यात एक सतरंजी आणि एक माईक. भांडं म्हणून नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, तुला सगळं माहीत आहे आणि तू मला माफ केलंस. नऊ ते बारा हे तीन दिवस मी इतकी सुखात होते की काय सांगू. भार्गवी दारातून बाहेर आली तेव्हा ते सुख गेलं.

एक गोष्ट मला हे लिहिताना जाणवली. तू मला कधीच बाई म्हटलं नाहीस. पहिल्या दिवसापासून ताई. बाई म्हणून मला एकाच माणसाने हाक मारली होती, तुला पठारावर सोडायला आले तेव्हा. टोपी काढून म्हणाले होते, "बाई, पोर कधी घराभाईर ऱ्हायली न्हाई. संबाळा."

*

थोडा वेळ बाहेर ओट्यावर बसून आले.

आता घाई कशाची ते सांगते. नवव्या दुपारचा भाग येत्या रविवारी रात्री नऊला दाखवणार आहेत. त्यात मी ती ओळ वाचताना ऐकू येते. वेल्ह्यात घरोघरी 'तग' लागतो. तू ते टीव्हीवरून ऐकावंस, शेजारणी तुझ्या तोंडाकडे बघत असताना, हे मला नको होतं.

पण यंदाच्या खेळात आणखी एक सोय आहे. प्रत्येक परतलेल्याला मातीचं एक झाकण देतात, पणतीएवढं. ते परत केलं की आपल्या चित्रणातला कुठलाही एक तास कायमचा पुसतात, कुणाला दाखवत नाहीत. मुदत गुरुवार संध्याकाळपर्यंत आहे. माझं झाकण मी वापरलेलं नाही.

खोटं लिहीत नाही, शनिवारी वापरायला निघाले होते. हे देवळात गेले होते. मी आनंदरावांना फोन लावला. 'नववी दुपार झाका' एवढे तीन शब्द बोलायचे होते. त्यांनी हॅलो म्हटलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आबांनी जेवण टाकलंय." मी पुन्हा बोलायला गेले. पुन्हा तेच. आनंदराव म्हणाले, "भिंतीपाशी म्हणालात तेच पुन्हा? ताई, बरं वाटत नाहीये का?" मी फोन ठेवला. रविवारी ह्यांनी विचारलं, चेहरा का उतरलाय, मी 'काही नाही' म्हणायला गेले, तर त्यांनाही तेच सांगितलं. सुलू, मला वेड लागलेलं नाही. बाकीचं सगळं नीट बोलता येतं. फक्त झाकायचं काही बोलायला गेलं की ती ओळ येते. आज सकाळपासून, हे लिहायला बसल्यापासून, एकदाही आली नाही.

झाकण या पाकिटातच आहे, कापसात गुंडाळून. ते आता तुझं. रविवारी तो भाग दिसला तर सोमनाथ खोटं बोलला नव्हता हे सगळ्या खोऱ्याला कळेल. आणि तुझ्या घरचं दुःख चार लोकांच्या चहाबरोबर चघळलं जाईल, हेही खरं. एवढं मोठं काही ठरवण्याची माझी लायकी नाही. एकदा मी तुझ्यासाठी ठरवलं होतं. या वेळी तू ठरव. पुसायचं असेल तर गुरुवारी ते माझ्या हातात दे, मी तिथूनच पठारावर नेऊन देईन.

कारण गुरुवारी मी सकाळच्या गाडीने निघतेय. आधी मार्गासनीला उतरणार आहे. सोमनाथला उंबऱ्यावर उभी राहून सांगणार आहे की तू लिहिलं होतंस आणि मी वाचलं नाही. तो काय म्हणेल ते ऐकणार आहे. तिथून वेल्ह्याला तुझ्याकडे. दार लावून घेतलंस तरी मी वाजवणार नाही. स्टँडवरच्या बाकावर तीन वाजेपर्यंत बसेन.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की पुन्हा तुलाच काहीतरी करायला लावल्यासारखं होतं. जे काय करायचं ते आता माझ्याकडे आहे.

प्रेरणाला हे तू सांगावंस, न सांगावंस, तुझी मर्जी. सोमनाथची मुलं प्रेरणाएवढीच झाली असतील. आत्या कशी दिसते हे त्यांना माहीत नसेल.

तुझं पत्र जिने पुरतं वाचलं नाही, ती

शुभा